क्लास फाइव्हचं कॉम्पोझिट वारंवार निघतंय? बाटली बदलण्याआधी हे तपासा

प्रीमोलरच्या (छोट्या दाढेच्या) मानेपाशी, हिरडीलगत झिजलेली जागा, म्हणजे क्लास फाइव्ह. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) भरलं, पॉलिश केलं, शेडही जुळली. तीन-चार महिन्यांनी तोच पेशंट दारात: ‘सिमेंट निघालं न डॉक्टर.’ पुन्हा भरलं, पुन्हा निघालं. अशा वेळी पहिला राग बाँडिंगच्या (कॉम्पोझिट दाताला चिकटवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीवर निघतो. डीलरला फोन जातो, दुसऱ्या कंपनीची बाटली येते, महिनाभर बरं चालतं (बाटली नवी म्हणून आपणही जरा जपून काम करतो) आणि मग ये रे माझ्या मागल्या.

बाटली खराब असू शकते, नाही असं नाही. पण संशयितांच्या रांगेत ती बरीच मागे उभी आहे. तिच्या पुढे कॉम्प्रेसरची हवा आहे, दाताचा पृष्ठभाग आहे, हिरडी आहे आणि क्युअरिंग लाइट (कॉम्पोझिट कडक करणारा निळा दिवा) आहे. बाटली तपासायला वेळ लागतो, बाकीच्या बहुतेक गोष्टी एका सकाळी तपासून होतात. म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

निघालेला तुकडा फेकू नका

पेशंटला फोनवरच सांगा, तुकडा सापडला तर कागदात गुंडाळून आणा. लूप (भिंग) असेल तर त्यातून, नसेल तर चांगल्या उजेडात तुकड्याची आतली बाजू आणि दातातली जागा दोन्ही वाळवून बघा.

तुकड्याच्या आत बरच्या (दात कोरायच्या टोकाच्या) रेघांचा हुबेहूब ठसा आहे आणि दातातली जागा कोरडी, मंद, उघडं डेंटिन (इनॅमलच्या आतला दाताचा थर) दिसतंय, तर बाँडिंगचा थर कॉम्पोझिटबरोबर निघून आलाय. डेंटिनला तो धरलाच नव्हता. इथे हवा, ओल, तेल, चकचकीत डेंटिन किंवा घाईत घासलेलं बाँडिंग यांतलं काहीतरी आहे.

उलट, दातावर काचेसारखा चमकदार थर तसाच आहे, प्रोब (तपासायची टोकदार सुई) त्यावरून घसरतो आणि तुकड्याची आतली बाजू गुळगुळीत आहे, तर बाँडिंग दाताला पक्कं बसलं होतं. मधल्या वेळात त्यावर लाळ किंवा रक्त आलं, किंवा कॉम्पोझिट दाबायचं इन्स्ट्रुमेंट स्पिरिटमध्ये बुडवून तसंच वापरलं. ही सवय अनेकांना असते आणि ती सोडलेली बरी.

तुकडा मधूनच तुटलाय, अर्धा दातात अर्धा हातात, तर चूक जोडात नाही, कॉम्पोझिटमध्ये आहे: हवेचा बुडबुडा, फार पातळ कड, कच्चं क्युअरिंग किंवा चावताना येणारा जोर. तुकड्याच्या आतल्या बाजूवर प्रोबने जोर देऊन ओरखडा काढा. खडूसारखी भुकटी निघाली तर दिव्याकडे वळा.

हा ढोबळ अंदाज आहे, बहुतेक वेळा दोन-तीन प्रकार एकाच तुकड्यावर दिसतात. तरी पुढचा अर्धा तास कुठे घालवायचा एवढं त्यातून कळतं.

निघण्याची वेळही बोलते. त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात निघालं तर काम करताना काहीतरी मोठं चुकलंय. सहा महिने ते दोन वर्षांत निघालं तर जोड हळूहळू सुटलाय, म्हणजे पृष्ठभाग आणि चावणं बघायला हवं. सहा-सात वर्षं टिकून मग निघालं असेल तर फार मनावर घेऊ नका, पुन्हा भरा.

हवा

आपण एचिंग (दात खरखरीत करणारं ॲसिड) धुतो, वाळवतो, बाँडिंग पसरवतो, ते सगळं थ्री-वे सिरिंजने (खुर्चीवरची हवा-पाण्याची नळी) आणि तिच्या हवेने. त्या हवेत पाणी किंवा तेल असेल तर पुढचं सगळं वाया. आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

चाचणी सोपी आहे. क्लिनिक उघडल्या उघडल्या नव्हे, दोन-तीन तास काम झाल्यावर करा, कारण तोवर टाकी तापलेली आणि भरलेली असते. स्वच्छ माउथ मिरर घ्या, सिरिंजचं टोक ५ सेंटिमीटरवर धरा आणि फक्त हवेचं बटण १० सेकंद दाबा. आरशावर थेंब किंवा धुकं आलं तर पाणी. मग तोच झोत पांढऱ्या टिश्यू पेपरवर ३० सेकंद मारा आणि पेपर उजेडासमोर धरा. पारदर्शक, न वाळणारा डाग राहिला तर तेल.

पाणी येत असेल तर ते कुठून हे आधी शोधा. सिरिंजचं टोक काढा आणि आतले ओ-रिंग बघा. ते झिजले की हवेच्या बटणाबरोबर पाण्याचा बारीक थेंबही सुटतो, आणि आपण उगाच कॉम्प्रेसरवाल्याला बोलावतो. क्षुल्लक किमतीची रिंग आहे, वर्षाला एकदा बदलूनच टाका. सिरिंज ठीक असेल तर कॉम्प्रेसर. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. रोज संध्याकाळी ड्रेन कॉक उघडून ते काढायचं असतं. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये हे पाणी मे महिन्याच्या कित्येक पट निघतं, त्यामुळे उन्हाळ्यात चालून गेलेला आळस पावसाळ्यात भोवतो. टाकीनंतर मॉइश्चर सेपरेटर असेल तर त्याची वाटी रिकामी करा. सिलिका जेलचा ड्रायर असेल तर दाण्यांचा रंग बदललाय का बघा.

कूलरबद्दल एक शब्द. डेझर्ट कूलरची ओली हवा खुर्चीवर येते म्हणून बाँडिंग धरत नाही, असं बरेचदा ऐकू येतं. रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) नसेल तर पेशंटच्या श्वासाची वाफ कूलरपेक्षा जास्त जवळ आणि जास्त ओली असते, तेव्हा त्या बाबतीत कूलर फार मोठा गुन्हेगार नाही. पण कॉम्प्रेसर त्याच खोलीत असेल आणि कूलरसमोरची हवा ओढत असेल तर टाकीतलं पाणी नक्की वाढतं. कॉम्प्रेसर दुसऱ्या खोलीत किंवा निदान कूलरच्या झोताबाहेर ठेवा. गच्चीवर भर उन्हात ठेवणं हाही उपाय नाही, पारा ४५च्या वर गेला की यंत्रच तापून बंद पडतं.

तेल दोन ठिकाणांहून येतं. तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचे पिस्टन रिंग झिजले की, आणि हँडपीसमधून. हँडपीसला तेल दिल्यावर तो तोंडाबाहेर २०-३० सेकंद मोकळा फिरवा. ऑटोक्लेव्हमधून काढून तेल देऊन थेट कॅव्हिटीत गेलेला टर्बाइन पहिल्या काही सेकंदांत डेंटिनवर तेलाचा फवारा मारतो.

दाताचा पृष्ठभाग आणि हिरडी

१९५५ साली ब्युओनोकोर यांनी इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावून रेझिन चिकटवून दाखवलं. आज आपण ३५-३७ टक्के वापरतो, पण इनॅमलचं वागणं तेच आहे: वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, ॲसिडने खरखरीत होतं, रेझिन त्यात गुंततं. डेंटिनचं तसं नाही. त्यात कोलॅजन आहे, पाणी आहे, आणि रेझिन कोलॅजनच्या जाळीत शिरून हायब्रिड लेयर तयार झाला तरच पकड मिळते. मानेपाशी वर इनॅमल, खाली डेंटिन किंवा सिमेंटम, अशी एक बाजू भक्कम आणि एक बाजू नाजूक असते.

त्यात क्लास फाइव्हचं डेंटिन बहुधा ताजं नसतं. वर्षानुवर्षं घासलं गेलेलं, पिवळं-तपकिरी, काचेसारखं चकचकीत. याला स्क्लेरोटिक डेंटिन म्हणतो. त्याच्या नलिका खनिजाने बुजलेल्या असतात आणि वर जादा खनिजाचा थर असतो. सौम्य सेल्फ-एच (वेगळं ॲसिड न लावता स्वतःच एच करणारं) किंवा युनिव्हर्सल (ॲसिड लावून वा न लावता, दोन्ही तऱ्हेने चालणारं) बाँडिंग या थरात फार खोल जात नाही. ‘कॅव्हिटी तयारच आहे, बर कशाला लावायचा’ म्हणून थेट बाँडिंग लावलं तर ते पहिल्या प्रकारच्या तुकड्यासारखं, म्हणजे थरासकट, निघून येणार.

आपल्याकडच्या पेशंटच्या सवयी यात भर घालतात. गुडाखू (तंबाखूची पेस्ट) आणि तंबाखूच्या मंजनाने बोटाने किंवा कडक ब्रशने आडवं घासणं, आणि खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण). खर्ऱ्यातल्या सुपारीने दाढा झिजतात, चावण्याचा जोर सतत आणि आडवा पडतो. मानेपाशी दात वाकतो, त्याबरोबर कॉम्पोझिटची कड ताणली जाते. शिवाय खर्रा गालफडात दाबून ठेवला जातो त्याच बाजूला हिरडी सुजलेली, स्पर्श केला की रक्त येणारी. अशा हिरडीजवळ त्याच दिवशी फिलिंग करू नका. स्केलिंग करा, एक ते दोन आठवड्यांनी बोलवा, रक्त थांबलं असेल तर भरा. पेशंट कुरकुरतो, पण दुसऱ्यांदा फुकट भरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पेशंट यवतमाळ-चंद्रपूरकडचा असेल आणि दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतील तर फ्लोरोसिस (पाण्यातल्या जादा फ्लोराइडचा परिणाम) धरून चाला. तसल्या इनॅमलचा वरचा थर ॲसिडला दाद देत नाही. बारीक डायमंड बरने तो थर उतरवा आणि एचिंगची वेळ नेहमीच्या दुप्पट करा. धुऊन वाळवल्यावर खडूसारखा पांढरा रंग आला नाही तर पुन्हा एच करा. फक्त सेल्फ-एचवर अशा इनॅमलचा भरवसा धरू नका.

आता प्रत्यक्ष काम, क्रमाने:

१. प्युमिस आणि पाण्याने घासा. तेलकट किंवा फ्लोराइडची प्रोफी पेस्ट नको.

२. शक्य असेल तर २१२ नंबरचा क्लॅम्प लावून रबर डॅम. नसेल तर ००० नंबरचा कोरडा रिट्रॅक्शन कॉर्ड. ॲल्युमिनियम क्लोराइड लावलाच असेल तर भरपूर पाण्याने धुवा आणि त्यानंतरच बर फिरवा. त्याचा अंश राहिला की सेल्फ-एचची पकड घसरते.

३. चकचकीत डेंटिनवर डायमंड बर हलक्या हाताने फिरवा, चमक जाईपर्यंत. खोल जायचं नाही.

४. वरच्या इनॅमलच्या कडेला १ ते २ मिमीचा तिरका बेव्हल द्या.

५. फॉस्फोरिक ॲसिड फक्त इनॅमलवर १५-३० सेकंद. स्क्लेरोटिक डेंटिनवर युनिव्हर्सल वापरत असाल तर तिथेही १५ सेकंद लावायला हरकत नाही, बाटलीवर तशी सूचना आहे का तेवढं बघा. नेहमीच्या ताज्या डेंटिनवर १५ सेकंदांच्या वर कधीच नाही. लावलं तेवढा वेळ धुवा.

६. टोटल-एच (इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर ॲसिड लावायची पद्धत) असेल तर डेंटिन ओलसर चमकतं ठेवा, पांढरं वाळवू नका. जास्त वाळलं की कोलॅजनची जाळी खाली बसते आणि रेझिनला शिरायला वाट राहत नाही. वाळलंच असेल तर ओल्या मायक्रोब्रशने पुसून पुन्हा ओलं करा.

७. बाँडिंग मायक्रोब्रशने २० सेकंद घासत लावा. नुसतं पुसायचं नाही, घासायचं. स्क्लेरोटिक डेंटिनवर दोन थर.

८. हवा आधी अगदी हळू, मग थोडी जोरात, किमान ५ सेकंद. थरावर लाट हलताना दिसतेय तोवर आत सॉल्व्हंट (बाँडिंग पातळ ठेवणारं, उडून जाणारं द्रव) आहे. हलणं थांबलं आणि सगळीकडे सारखी चमक आली की क्युअर करा. निघालेल्या फिलिंगांपैकी बरीचशी याच पायरीवर बिघडलेली असतात, कारण इथे घाई सगळ्यात जास्त होते.

९. फ्लोएबलचा (वाहत्या कॉम्पोझिटचा) पातळ थर, मग कॉम्पोझिट तिरक्या थरांत, एक थर २ मिमीच्या आत. प्रत्येक थर वेगळा क्युअर.

१०. फिनिशिंग ओलं, डिस्क फिलिंगकडून दाताकडे. कोरड्या डिस्कने हिरडीकडच्या कडेवर ओढाताण केली की तिथेच पांढरी रेघ उमटते, आणि ती रेघ म्हणजे सुटलेला जोड.

शेवटी आर्टिक्युलेटिंग पेपर, नुसतं चावून नाही, बाजूला सरकवूनही. त्या दातावर बाजूचा ठळक ठिपका येत असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही फिलिंग टिकणार नाही.

बाँडिंग क्युअर झाल्यावर लाळ लागली तर? धुवा, वाळवा, बाँडिंगचा नवा थर लावून क्युअर करा. रक्त लागलं असेल तर पृष्ठभाग बरने हलका उतरवून पायरी पाचपासून सुरुवात. नुसतं पुसून पुढे जाणं हा सगळ्यात महागडा शॉर्टकट.

दिवा

कॉम्पोझिटमधलं कॅम्फरक्विनोन ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं. २ मिमी थराला साधारण १६ जूल प्रति चौरस सेंटिमीटर ऊर्जा लागते असं धरून चालतात. म्हणजे १००० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरचा दिवा असेल तर १६ सेकंद, ४०० मिलिवॅटवर ४० सेकंद. हा हिशेब टोक कॉम्पोझिटला टेकलेलं असताना. क्लास टूच्या (दोन दाढांमधल्या बाजूच्या कॅव्हिटीच्या) बॉक्सच्या तळापासून टोक ६-७ मिमी लांब राहतं आणि तिथे पोचणारा प्रकाश अर्ध्यावर येऊ शकतो. तळाच्या थराला वेळ दुप्पट द्या, वाद नको.

दिवा ‘पेटतो’ म्हणजे तो चालतो असं नाही. टोकावर चिकटलेला कॉम्पोझिटचा कण, घासून अपारदर्शक झालेलं टोक, प्लास्टिकच्या कव्हरची शिवण नेमकी काचेवर येणं, या सगळ्यांनी प्रकाश गळतो. जुन्या बॅटऱ्यांमध्ये प्रत्येक क्युअरनंतर जोर उतरतो, आणि काहींमध्ये पहिले पाच सेकंद ठीक, पुढचे मंद. स्वस्त रेडिओमीटरचा आकडा खरा मानू नका, पण नव्या दिव्याचा आकडा लिहून ठेवा आणि दर महिन्याला त्याच मीटरवर तुलना करा. २० टक्क्यांनी उतरला की आधी टोक साफ करा, मग बॅटरी बदला.

मीटर नसेल तर ही चाचणी: ४ मिमी आतल्या व्यासाची, ८ मिमी लांब धातूची नळी घ्या. काचेच्या पट्टीवर उभी करून ए-टू शेडचं कॉम्पोझिट ठासून भरा, वर पारदर्शक मायलर पट्टी ठेवा आणि नेहमीच्या वेळेत वरून क्युअर करा. बाहेर ढकलून तळाचा मऊ भाग प्लास्टिकच्या स्पॅच्युलाने खरवडा. उरलेल्या कडक भागाची लांबी मोजून निम्मी करा. ती तुमच्या दिव्याची खरी खोली. २ मिमीपेक्षा कमी आली तर वेळ वाढवा किंवा थर पातळ करा.

तोंड कमी उघडणाऱ्या पेशंटमध्ये, आणि खर्ऱ्यामुळे सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचं आतलं अस्तर आखडणं) झालेले असे पेशंट इथे रोजचेच, दिव्याचं डोकं दुसऱ्या दाढेपर्यंत सरळ पोचत नाही. तिरका प्रकाश टाकून ४० सेकंद दिले तरी एक कड कच्ची राहते. छोट्या डोक्याचा पेनसारखा दिवा असेल तर ठीक. नसेल, रबर डॅमही बसत नसेल, तर तिथे कॉम्पोझिटचा हट्ट सोडा आणि ग्लास आयोनोमर भरा. त्यात कमीपणा काही नाही. ओलीत आणि अंधारात ते कॉम्पोझिटपेक्षा जास्त इमानदार आहे.

आणि आता बाटली

मे महिन्यात, नवतपाच्या (कडक उन्हाच्या नऊ) दिवसांत, बाँडिंगची बाटली डीलरच्या माणसाच्या स्कूटरच्या डिकीतून येते. बाटलीवरची मर्यादा बहुधा २५ अंशांची, काहींवर ८ अंशांची. काही बाटल्यांत सॉल्व्हंट म्हणून असणारं ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, पण त्याच्या खूप आधीपासून भराभर उडत असतं. ॲसिटोन उडालं की पाणी आणि रेझिन वेगळं पडतं. सेल्फ-एच आणि युनिव्हर्सल बाटल्यांत ॲसिड आणि पाणी एकत्र असल्याने उष्णतेत रेझिनचे रेणू बाटलीतच तुटत जातात. रंग किंवा वास बदलेलच असं नाही.

काचेच्या पट्टीवर एक थेंब टाका. पसरण्याऐवजी घट्ट राहिला, तार धरली किंवा ढगाळ दिसला तर ती बाटली बाजूला. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर कामाच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, नाहीतर थंड थेंबातून सॉल्व्हंट नीट उडत नाही. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहा. थेंब पेशंटच्या तोंडात सगळी तयारी झाल्यावरच काढा. डॅपन डिशमध्ये दहा मिनिटं उघडा पडलेला थेंब म्हणजे दुसरंच रसायन. आणि झाकण प्रत्येक वेळी, लगेच.

तरीही शंका असेल तर काढलेला, निर्जंतुक करून पाण्यात ठेवलेला दात घ्या, डेंटिनपर्यंत सपाट घासा, शेजारी शेजारी जुन्या आणि नव्या बाटलीने ३ मिमीचे दोन ठिपके चिकटवा आणि २४ तास पाण्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी स्केलरने ढकलून बघा. जुना सहज सुटला आणि नवा सुटता सुटत नसेल, तर डीलरला फोन करायला हरकत नाही.

बाकीचे नेहमीचे संशयित

रूट कॅनालनंतरचं फिलिंग निघत असेल तर हायपोक्लोराइट (कॅनाल धुवायचं द्रव) आठवा. त्याने डेंटिनमध्ये राहिलेला ऑक्सिजन रेझिनचं क्युअरिंग अडवतो. भिंतींचं अर्धा मिमी डेंटिन बरने उतरवून ताजं करा. युजेनॉलचं (लवंगतेलाचं) टेम्पररी होतं तरी हेच. घरी किंवा क्लिनिकमध्ये ब्लीचिंग झालं असेल तर दोन आठवडे थांबा. ड्युअल-क्युअर (प्रकाशाने आणि आपोआपही कडक होणाऱ्या) कोअर मटेरियलखाली एका बाटलीचं ॲसिडिक बाँडिंग असेल तर दोघांचं जमत नाही, कारण ॲसिड क्युअरिंगला लागणारं अमाइन खाऊन टाकतं. त्या कंपनीचा ॲक्टिव्हेटर मिसळा किंवा मध्ये लाइट-क्युअर कॉम्पोझिटचा एक पातळ थर द्या.

फिलिंग जागेवर आहे पण चावताना, विशेषतः दाब सोडताना, कळ येते, तर तळाचा थर कच्चा किंवा सुटलेला आहे आणि त्याखालचं द्रव हलतंय. वरून पॉलिश करून किंवा डिसेन्सिटायझर लावून ते जाणार नाही, काढून पुन्हा भरावं लागेल. थंडाची कळ क्षणभर येऊन जात असेल तर उंची तपासून दोन-तीन आठवडे वाट बघता येते. रात्री आपोआप ठणकत असेल तर बाँडिंगचा विषय संपला, पल्प टेस्ट करा.